पेशी

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत राहायला गेलो, त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या रक्तात एचआयव्ही निघाला. तो कारखान्यात स्टोअरकीपर होता. लग्न केलेलं नव्हतं. तब्येतीमुळे नोकरी सुटली तसा आमच्याकडे आला. दुपारी सोसायटीतल्या सात मुलांना गणित शिकवायचा, फुकट. त्या दोन तासांसाठी दाढी करायचा.

डॉक्टरांनी दोन औषधं दिली. एक विषाणूवरचं. दुसरं मुळात रक्ताच्या कर्करोगाचं, ते विषाणूला हातही लावत नव्हतं. विषाणू आपल्या नकला काढायला कच्चा माल आपल्याच पेशीतून उचलतो, आणि तो माल बनवणारं पेशीतलं एन्झाइम हे औषध दाबून टाकतं, असं त्यांनी समजावलं. मग पेशीचं काय, मी विचारलं. तिलाही माल कमी पडतो, म्हणाले. म्हणून दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या. फार उतरल्या तर औषध बंद.

"म्हणजे चोर उपाशी मरावा म्हणून स्टोअरलाच कुलूप," भाऊ म्हणाला. "घरचेही उपाशी राहणार, एवढंच."

मी आलेखाची वही केली. सोमवारी तो रिपोर्ट घेऊन आला की मी दारातूनच विचारायचो, "पेशी किती?" बायको फोनवर पुण्याला मोठ्याने सांगायची, "भाऊजींच्या पेशी पुन्हा उतरल्या हो."

हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी. शेजारच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"भाईसाहब, बुरा मत मानना. हर सोमवार पेशी-पेशी सुनती हूँ. भैया पर केस है क्या? स्टोर का माल-वाल?"

नाही म्हटलं असतं, तर मग कसली पेशी, हे सांगावं लागलं असतं.

"जी," मी म्हणालो. "चल रहा है."

सातांची चार मुलं झाली. पुढच्या आठवड्यात एक. त्या शेवटच्या मुलीनेच त्याला कारण सांगितलं.

"दादा, नऊ वर्षांत माझ्या स्टोअरमधला एक स्क्रू कमी भरला नाही," तो म्हणाला.

"मग काय, खरं सांगू?"

"चोर चालतो तुला."

"चोराला सोसायटी राहू देते."

बायको आतून म्हणाली, "आमच्या मुलीचं लग्न व्हायचंय, भाऊजी." त्याचा पेला आम्ही केव्हाच वेगळा केला होता. गरज नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगूनही त्याच्या तळाला नेलपॉलिशची लाल खूण मी स्वतः केली होती.

त्यानंतर त्याने विनवणी केली नाही. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी ऐकू जाईल असं म्हणायचा, "चलतो दादा, पेशी आहे. जामीन मिळाला तर जेवायला येतो."

विषाणूचा आकडा उतरला, तसा पेशींचाही. माझ्या वहीत दोन्ही रेघा खालीच जात होत्या. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी ते औषध थांबवलं. पेशी सावरल्या नाहीत.

शेवटच्या आठवड्यात त्याने एकच मागितलं. "मी गेल्यावर तरी सांग. तेव्हा मला कोण घराबाहेर काढणार? चोर नव्हता म्हण. एका माणसाला सांगितलंस तरी पुरे." त्याने हात पुढे केला. मी नुसतं तोंडाने हो म्हणालो.

तेराव्याला शेजारच्या बाई आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, डोळ्यांना पदर लावला.

"एक तरह से अच्छा ही हुआ, भाईसाहब. फ़ैसले से पहले चले गए. इज़्ज़त रह गई."

आमची मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. बायको माझ्याकडे बघत होती.

"जी," मी म्हणालो.