गुलाबी चोचीचा हंस

दुर्बीणअक्कांना माणसांची नावं आठवत नसत, नाकं मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहत. बेंगळुरूच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत, मी गणित. पहिले सहा महिने त्यांनी मला ‘बसकं नाक’ अशीच हाक मारली. मी चिडले, तर म्हणाल्या, “रागावतेस काय? ओळख पटली ना?”

रविवारी सकाळी त्या मला कोरमंगलाच्या तळ्यावर नेत. मी घाईने “बदक!” म्हटलं की हात दाबत. “स्वल्प थांब गं. ठाऊक नसेल तर नाही म्हण. पक्ष्याला भलतं नाव देणं पाप आहे.” पक्षिनिरीक्षक मंडळातल्या पुरुषांशी त्या एका पिसावरून तासभर भांडत.

एका हिवाळ्यात तिथे एकटाच करडा हंस चरताना दिसला. अक्का डोळ्यांना दुर्बीण लावून इरकली लुगड्यासकट चिखलात पालथ्या पडल्या. “चोच गुलाबी आहे गं!” पाळीव करड्या हंसाची चोच नारिंगी, त्याचे पूर्वज पश्चिमेकडच्या पोटजातीचे. हा पूर्वेकडचा, अस्सल रानटी, हिमालय ओलांडून आलेला. इतक्या दक्षिणेला त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून मंडळाचे चिटणीस आले. सोबत त्यांचा एक शिकारी मित्र, खांद्यावर बंदूक; तेव्हा शिकारीवर बंदी नव्हती.

“रानटी आहे का हो?” मित्राने विचारलं. “पाळीव असेल तर नको, मालकाशी भांडण व्हायचं.”

अक्का उठल्या. “छे! आमच्या शेजाऱ्यांचा आहे. चोच नारिंगी दिसत नाही?”

चिटणीसांनी दुर्बीण मागितली.

“काच फुटलीय,” म्हणत अक्कांनी ती पदराखाली घेतली.

हंस तिसऱ्या दिवशी उडून गेला. मंडळात मात्र वर्षभर थट्टा चालली : पाळीव हंस पाहायला अक्का चिखलात लोळल्या! “आता तरी खरं सांगा,” मी म्हटलं.

“सांगितलं तर पुढच्या हिवाळ्यात दहा बंदुका येतील. हसू दे.”

निवृत्त झाल्यावर त्या भावाकडे धारवाडला निघाल्या. मी स्टेशनवर गेले होते. ती आमची शेवटची भेट. गाडी सुटायच्या आधी मी विचारलंच, “अक्का, त्या खोट्याचा त्रास झाला का हो?”

“झाला तर! चार रात्री झोप नाही लागली,” त्या खिडकीतून म्हणाल्या. “हंसाला लागली ना? सरी, मग झालं.”