आईंची टू-सीटर आणि मागचे पाटे

सासूबाईंचे मी पहिल्यांदा पाहिले ते फक्त पाय.

बाकीच्या आई गाडीखाली होत्या.

आज सकाळी त्या गेल्या. झोपेतच. फोन सारखे वाजतायत, म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहिते आहे.

नव्वदीची मधली वर्षं. मी पुण्याहून नोकरीसाठी नोएडाला आले होते, अभय ऑफिसातला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो मला घरच्यांना भेटवायला घेऊन गेला.

त्यांच्या सेक्टरमध्ये अर्धे प्लॉट रिकामे होते. आणि ज्याच्या त्याच्या दारात लोनवर घेतलेली कोरी करकरीत गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

यांच्या दारात मात्र जुनी, बसकी, हिरवी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. दोनच सीट, टप उघडणारं. कुणा एम्बसीवाल्याने देश सोडताना विकायला काढली, कोणी घेईना. ती केंद्र सरकारच्या नोकरीतल्या या बाईंनी घेतली.

गाडीखालून आवाज आला, "वृंदा ना? तो पाना दे गं."

कुठला ते मला कळलं नाही. मी होते तेवढे सगळे पुढे केले. आमचं जमलं ते तिथेच.

मला लहानपणापासून 'का' विचारायची खोड. पुढचं सगळं तसंच ठेवून फक्त मागचे स्प्रिंग आणि शॉकअप का बदलताय, असं मी विचारलं.

अभय म्हणाला, आईचं वेड. शेजारचे गुप्ताजी कुंपणावरून म्हणाले, "भाभीजी का शौक है, और क्या."

खरं कारण आतल्या खोलीत पाठीला पट्टा बांधून बसलं होतं. नाना, माझे सासरे.

दर रविवारी ही दोघं याच गाडीतून दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर जायची. तिथल्या एका गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये साबुदाणा खिचडी खायची आणि जाता-येता मनसोक्त भांडायची.

मग नानांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. गाडीचे मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग, ट्रकला असतात तसलेच पण लहान, दबून पार सपाट झाले होते. प्रत्येक खड्डा थेट नानांच्या कण्यात. त्यांनी जाणंच सोडलं. विकून टाक म्हणाले, टॅक्सीने जाऊ.

"टॅक्सीत तुम्ही झोपता. मी भांडू कुणाशी?" असं आईंचं उत्तर.

सेक्टरमधल्या एका बिल्डरने तर गाडीला मागणीच घातली होती. त्याला ती फार्महाउसच्या लॉनवर नुसती उभी करायची होती.

आईंनी थेट इंग्लंडहून पाटे आणि शॉकअप मागवले. पूर्वी असल्या वस्तूसाठी कुणाचा तरी भाचा सुट्टीवर यायची वाट बघायला लागायची. आता पार्सल दारात आलं.

पण दसऱ्याला गाडी चाकांवर उभी हवी, झेंडूची माळ हवी, हा आईंचाच हट्ट. म्हणून आदल्या दिवशी गाडी स्टँडवर असतानाच त्यांनी सगळे नट आवळले आणि ती खाली घेतली.

दसऱ्याला पूजा झाली. नाना नवा शर्ट घालून शेजारी बसले. दोघं पहिल्या वळणावरूनच परत आली.

नानांचा चेहरा पांढराफटक. "आधी बरी होती गं," ते म्हणाले. "बिल्डरला हो म्हण."

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

दुपारी मी श्रीखंडाची वाटी घेऊन गाडीच्या डिकीवर टेकले. मी काही चवळीची शेंग नव्हते. तरी गाडी तसूभरही हलली नाही.

"काकू, नवे स्प्रिंग ना? मग दबत का नाहीत?"

आईंनी मला उठवलं. परत बसवलं. परत उठवलं. मग त्या फरशीवरच बसल्या आणि कपाळाला हात लावला.

नट आवळले तेव्हा गाडी हवेत होती. पाट्यांच्या टोकांना रबर असतं, ते तशा लटकत्या अवस्थेतच पकडलं गेलं. आता पाटा दबायला गेला की रबर त्याला मागे ओढायचं. वजन चाकांवर आल्याशिवाय तो नट आवळायचाच नसतो. हे त्यांना ठाऊक होतं. दसऱ्याची घाई नडली.

दुसऱ्या दिवशी गाडीची चाकं जाड फळ्यांवर चढवली, म्हणजे वजन चाकांवरच राहून खाली शिरता येईल. नट सैल केले. मग त्यांनी आत हाक मारली.

"अहो, येऊन बसा. मला तुमचं वजन हवंय."

"विटा ठेव."

"विटा तुमच्यासारख्या डावीकडे कलत नाहीत."

ऑपरेशननंतर नाना खरंच तसे बसायचे. बाहेर आले, उशी घेऊन डाव्या सीटवर बसले आणि पेपर मोठ्याने वाचायला लागले. गाडीखालून आई प्रत्येक बातमीवर वाद घालत नट आवळत होत्या.

रविवारी दोघं गेली. मी मुद्दाम त्यांच्या घरी थांबले, काय झालं ते कळल्याशिवाय मला राहवत नव्हतं. परत आल्यावर नाना हळूच उतरले.

"पुढच्या रविवारी दही सांगायला विसरू नको," एवढंच आईंना म्हणाले.

त्यानंतर कितीतरी रविवार झाले. मग नाना गेले. आई एकट्याच जायला लागल्या.

एकदा माझ्या लक्षात आलं, रिकामी असली तरी गाडी डावीकडे किंचित कलते. नानांच्या वजनावर आवळलेले नट आता सैल करून सरळ करूया का, मी विचारलं.

"राहू दे गं. बसलेत ते."

आज स्मशानातून परत आलो तर गाडी दारात तशीच. डावीकडे कललेली.

अभय म्हणाला, आता ती सरळ करून घेऊ. मी नको म्हटलं. तेव्हापासून तो 'का' विचारतोय.

आई, पाना पुसून जागेवर ठेवलाय.

या आता. नमस्कार.