पानांवर ठेवलेले घड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली आहेत, पण यावल तालुक्यातली ती कापलेली केळीची बाग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. निवृत्तीनंतर मी धुळ्यात देवपूरला राहतो. इथे केळीची गाडी दिसली तरी मला ती बाग आठवते.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. जानेवारीची कडाक्याची थंडी होती. सकाळीच एक शेतकरी फिर्याद द्यायला आला. त्याची केळी त्या वर्षी परदेशी जाणार होती, कंपनीची माणसं बाग पसंत करून गेली होती. काढणी महिन्यावर आली असताना रात्रीतून कोणीतरी अर्ध्या बागेतले घड कापले होते. कोवळा घड कापला की तो गुरांपुढेच टाकावा लागतो. संशयित म्हणून त्याने सख्ख्या थोरल्या भावाचं नाव घेतलं. बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

दुपारपर्यंत ठाण्यात फोनवर फोन आले. आमचं नाव नको, पण थोरल्याला उचला, असा सगळ्यांचा सूर. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर निकाल लागूनही गेला होता. मी गावात पोहोचलो तेव्हा पारावर माणसं जबाब द्यायला तयारच बसली होती. एरवी साक्षीदार मिळवताना आमच्या चपला झिजतात, त्यामुळे एवढा उत्साह दिसला की मला आधी शंका येते. जो तो सांगत होता की थोरला पहाटे बागेतून येताना दिसला, हातात विळा, अंगात नुसतं बनियन. माझा हवालदार साक्रीकडचा. तो कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, बठ्ठा एकच सांगी राहिनात."

सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, हे मलाही खटकलं होतं. तसल्या थंडीत पहाटे नुसत्या बनियनवर कोण फिरेल? मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं का? पाहिलं कोणीच नव्हतं. पारावर पहिल्याने बनियन सांगितलं, दुसऱ्याने मान डोलावली, तिसऱ्याला आपणच कसं पाहिलं नाही असं वाटलं आणि त्यानेही पाहिलं. गंमत म्हणजे आपण खोटं बोलतोय असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

थोरल्याला चौकशीला आणलं. पन्नाशी उलटलेला माणूस. बायको अंथरुणाला खिळलेली, तिला घोटभर पाणी द्यायलाही हा एकटाच. तो आत गेला असता तर तिचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. पण हा गडी "मी नाही केलं" एवढंही धड म्हणेना, मान खाली घालून बसला. वरून साहेबांचा फोन आला की फिर्यादी सांगतोय, गाव सांगतंय, मग अटक कशाला अडली आहे? मी एक दिवस मागून घेतला आणि पंचनाम्याला स्वतः बागेत गेलो.

तिथे चमत्कारिक गोष्ट दिसली. नासधूस करायला आलेला माणूस घड कापून खाली पडू देतो. इथे मात्र कापलेले घड ओळीने, केळीच्या पानांवर, अलगद ठेवलेले होते. एकाही फळाला मार नव्हता. काढणीत एकजण दांडा कापतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो, तिसरा पानं अंथरतो. फळाला डाग पडू नये म्हणून इथली माणसं जन्मभर हेच करतात. हे काम एकट्याचं नव्हतं. रोज एकत्र काढणी करणाऱ्या माणसांचं होतं, आणि नासधूस करतानाही त्यांच्या हातांची सवय सुटली नव्हती.

फिर्यादीला विचारलं, आजवर तुझी काढणी कोण करत होतं? शेजारचे चौघे. एकमेकांच्या बागांत पाळीपाळीने जाणारे, एका ताटात जेवणारे. यंदा त्यांची केळी कंपनीने नाकारली, याची घेतली, आणि काढणीला कंपनी स्वतःची टोळी आणणार होती. बनियनची गोष्ट पारावर पहिल्यांदा सांगणारा याच चौघांतला वडीलधारा होता. त्याला सगळे नाना म्हणत.

चौघांना बोलावलं, पण एका बाकावर बसू दिलं नाही. एकत्र बसवलं की जबाब एकाच चुलीवर शिजतात. वेगळं केल्यावर प्रत्येकाची नजर दाराकडे, बाकीचे काय बोलले असतील म्हणून. त्यांच्यातल्या सर्वांत अबोल माणसाला मी सहज विचारलं, खांद्यावर घड कोण घेत होतं?

"खांद्यावर मी नव्हतो सायेब," तो घाईघाईने म्हणाला. "मी त नुसती पानं टाकली."

मग एकेक जण स्वतःचा वाटा लहान करत गेला. झेलणारा म्हणाला, कापले दुसऱ्याने. कापणारा म्हणाला, सगळे निघाले म्हणून मी गेलो. शेवटी नाना उरला. मातीही तीच, पाणीही तेच, मग माल त्याचाच कसा जातो, हे त्याला झोपू देत नव्हतं. तो म्हणाला, "एकटा असतो त हात नसता उचलला, सायेब." त्यावर मी विश्वास ठेवला. विळे जप्त झाले, चौघांना अटक झाली.

जळणं कुणाला चुकलंय? बॅचमेट टीव्हीवर मुलाखत देताना दिसला की माझाही चहा गार होतो. पण एकट्याची जळजळ त्याच्यापुरती राहते. चार जणांची एक झाली की तिला न्यायाचं रूप येतं, आणि मग लाज वाटून घ्यायला कुणी शिल्लक राहत नाही. या प्रकरणानंतर मी कुठल्याही साक्षीदाराला पहिला प्रश्न एकच विचारू लागलो, हे तू पाहिलंस की ऐकलंस?

थोरल्याला घरी पाठवताना मी रागानेच विचारलं, तू केलं नव्हतंस तर बोलला का नाहीस?

"जळत त मी बी होतो, सायेब. त्याची बाग पाहून पोटात आग पडे माह्या. मंग सगळं गाव म्हने तूच कापली, भाऊ बी म्हने. मलेच वाटे, झोपेत उठून गेलो का काय मी."

आदल्या दिवशी मी कबुलीचा कागद पुढे केला असता, तर त्याने सही करून दिली असती.