न्यूयॉर्कमधली डच बाई

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या समता ओव्हाळनं डच बोलायला तोंड उघडलं, की समोरचा लगेच इंग्रजीवर यायचा. मुलगी तर कळवळून म्हणायची, "आई, प्लीज, नको!"

सुट्टीत समता एकटीच न्यूयॉर्कला गेली, स्वस्तातल्या हॉस्टेलवर उतरली आणि फुकटच्या पायी सहलीत घुसली. हे शहर मुळात डचांनी वसवलं, असं सांगून गाइडनं विचारलं, "नेदरलँड्सहून कोणी आलंय?"

समतानं हात वर केला.

"मग हार्लेम, ब्रुकलिन ही इथली मूळची डच नावं डचमध्ये म्हणून दाखवा ना!"

तिनं घसा खाकरून म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. चुका काढणारं तिथं कोणी नव्हतंच! चेव येऊन ती दिसेल ती पाटी डचमध्ये वाचत सुटली, अगदी 'नो पार्किंग'सुद्धा.

"दुपारच्या गटाबरोबरही याल?" गाइडनं विचारलं.

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायचा सोडून समता दुपारच्या गटाबरोबरही गेली.