पोटाशी धरलेली उशी

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात एक म्हातारा पोटाशी उशी धरून चालत होता. कालच त्याचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. "चला काका, पडून राहिलात तर आतडी चिकटतील," सिस्टर म्हणाली. त्याची मुलगी डोळे पुसत होती, पण त्याला थांबू देत नव्हती.

आईच्या पहिल्या ऑपरेशननंतर मी सिस्टरशी भांडलो होतो, "पडू द्या की तिला जरा!" जखम भरताना शरीर जवळ सापडेल त्याला घट्ट धरून बसतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? आज चिकटलेली आतडी सोडवायला तिला पुन्हा आत नेलंय. डॉक्टर म्हणाले, "चालूनही चिकटतात कधी कधी. मनाला लावून घेऊ नका."

म्हातारा वळून पुन्हा निघाला. मी बाकावरून उठलो आणि त्याच्या मागोमाग आईच्या राहिलेल्या फेऱ्या मारू लागलो.