तालमीतला रोगी

आमच्या पायसांदू गावच्या रंगमंचावर मी अकरा हंगाम मेले. क्षयाने, विषाने, एकदा तर नुसत्या प्रेमभंगाने. पडदा पडला की उठायचं, झगा झटकायचा आणि वाकून टाळ्या घ्यायच्या. त्यामुळे नीबिया ओलिवेराने जे केलं त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. तरी तिची गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत मीही होते आणि मीही नको ते केलं.

नीबिया माझी शेजारीण. वय बावन्न, लग्न केलं नाही, आईबरोबर राहते. आमच्या आरोग्य संस्थेच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर तिचं टेबल. तिचं काम मला उमगायला दोन वर्षं लागली. रक्त तपासणारं यंत्र एका बोलीत बोलतं, वॉर्डातला संगणक दुसऱ्या, राजधानी मोन्तेविदेओचा तिसऱ्याच. एकाचा निरोप दुसऱ्याला चुकीचा कळू नये म्हणून निरोपाचे कप्पे ठरलेले असतात. नाव इथे, जन्मतारीख तिथे, साखर या खुणेखाली, मृत्यूची तारीख अमक्या जागी.

"मावशी, आधी रोगी कशाकशाचा बनतो ते ठरवायचं," माते म्हणजे आमच्या कडू चहाचा घोट घेत ती सांगायची. "मग तो इकडून तिकडे कसा पाठवायचा ते."

"म्हणजे नाटकाची संहिताच की. कोण कधी आत येतो, काय बोलतो."

"आणि तालीमही असते."

तालमीला खोटा रोगी लागतो. त्याचं सगळं बनावट असावं, हा नियम नीबियानेच लिहून भिंतीला चिकटवला होता. पण आमच्या ओळखपत्राचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. मनाला येईल तो क्रमांक टाकला तर यंत्र परत पाठवतं. गणित मांडायचा कंटाळा आलेल्या एका सकाळी तिच्या बोटांनी पाठ असलेला क्रमांक टाकला. वडिलांचा. अस्द्रुबालना ती दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घेऊन जायची, दर वेळी खिडकीवर तो क्रमांक सांगायची. साल्तो गावी आपल्या भावाच्या घरी ते वारले, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. ते गेल्याचं दवाखान्याच्या यंत्राला कळवायचं काम तिच्याच टेबलाचं. ते तिने आज करू, उद्या करू म्हणत तसंच ठेवलं होतं.

चार वर्षं अस्द्रुबाल रोज सकाळी भरती होत. साखर तपासली जाई, ठीक निघे, दुपारपर्यंत घरी सोडत. फक्त तालमीत.

निरोप तालमीचा की खरा, हे एक अक्षर सांगतं. त्या मंगळवारी प्रयोगशाळेचं नवं यंत्र जोडताना नीबिया ते अक्षर बदलायला विसरली आणि तालमीचा निरोप खरा म्हणून गेला. अकरा वाजता तिच्या आईच्या, आल्सीराच्या, घरचा फोन वाजला. सव्वाअकराला आल्सीरा निळा कोट घालून माझ्या दारात.

"कोका, चल. अस्द्रुबालचे रिपोर्ट आलेत म्हणे. डॉक्टरांनी बोलावलंय."

"अगं आल्सीरा..."

"मला माहितेय तो मेलाय. मीच पुरलाय त्याला. पण बोलावलंय तर जायला नको का?"

दवाखान्याच्या खिडकीवर झुल्मा होती. तीस वर्षं तिथेच, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. तिने पडद्यावर पाहिलं. "हो, आहेत ना. पण त्यांनी स्वतः यायला हवं, बाई. ओळखपत्र घेऊन."

"त्याला जमणार नाही," आल्सीरा म्हणाली. "तो दफनभूमीत असतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "आला तर आम्हालाही बोलवा हो, चार प्रश्न विचारायचेत!" रांग हसली. आणि मी, जन्मभर प्रेक्षक हसले की हसायची सवय लागलेली, मीही हसले. आल्सीराने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्यासमोर आहे.

तेवढ्यात नीबिया जिना उतरून आली. पडद्यावरचं नाव दिसताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, "झुल्मा, न बघता फोन कसा करतेस गं?"

 दुसऱ्या दिवशी झुल्माला खिडकीवरून काढून तळघरातल्या जुन्या कागदांत बसवलं.

 शुक्रवारी नीबिया माझ्याकडे आली आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. "मावशी, आईला कसं सांगू?"

मी म्हटलं, "जिथे खोटं बोललीस तिथेच. आणि रांग असताना."

सोमवारी आम्ही तिघी गेलो. झुल्माला तळघरातून वर बोलावून घेतलं. नीबिया खिडकीपाशी उभी राहिली. तिचा आवाज नाट्यगृहाच्या तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसता, पण ती बोलली. वडिलांचा क्रमांक तिने टाकला होता. अक्षर ती विसरली होती. झुल्माची काही चूक नव्हती. साहेबांना तसं लिहून दिलंय.

"तीस वर्षांत एकदाही न बघता फोन केला नाही मी," झुल्मा म्हणाली. एवढंच. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. बुधवारी ती परत खिडकीवर बसली.

बाहेर बाकावर आल्सीरा बराच वेळ पिशवीचा बंद चाळवत बसली.

"रोज भरती व्हायचा?"

"रोज."

"साखर किती?"

"चौऱ्याण्णव."

"जिवंतपणी कधी नव्हती." मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "चार वर्षं तू त्याला रोज भेटत होतीस. आणि मी घरात एकटी. मला सांगावंसं तुला एकदाही वाटलं नाही?"

नीबिया रांगेसमोर रडली नव्हती, ती इथे रडली.

"वर चल," आल्सीरा म्हणाली. "मला दाखव."

दुसऱ्या मजल्यावर एकच खुर्ची होती, ती आईला दिली. नीबियाने खऱ्या यंत्रात वडिलांची नोंद उघडली. मृत्यूचा कप्पा रिकामा होता. आल्सीराने तारीख सांगितली, वेळही सांगितली. नीबियाने ती टाकली, पाठवली. थोड्या वेळाने मोन्तेविदेओहून दोन अक्षरं आली.

"काय म्हणतंय?"

"मिळालं म्हणतंय, आई."

आल्सीराने कोटाची बटणं लावली. नीबिया अजून झुल्माच्या खिडकीसमोरून, पुढच्या दाराने जात नाही, धोबीखान्याच्या बाजूने आत शिरते. आणि तालमीतल्या रोग्याचा शेवटचा आकडा कागदावर गणित मांडून काढते.