परतूरच्या साडूची माणसं

माझ्या धाकट्या साडूइतक्या ओळखी असलेला माणूस परतूर तालुक्यात झाला नाही आणि होणार नाही. आणि त्याच्याइतका माझ्या डोळ्यांत सलणारा माणूस सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात नाही. मी आयटीआयला पहिला आलेला, जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात एकवीस वर्षं इलेक्ट्रिशियन. हा दहावी नापास, जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. पण नोकरीधंद्याच्या ओळखींची ती जी साइट असते, तिच्यावर याची चार हजार माणसं. माझी अकरा, त्यातले तीन मेव्हणे.

तिथेही हा सोयऱ्याधायऱ्यांत वावरल्यासारखाच वावरतो. कुणाला नोकरीत पाच वर्षं झाली की बाकीचे अंगठ्याचं बटण दाबून मोकळे होतात. हा गाव विचारतो, आईची तब्येत विचारतो आणि "इकडं आलात तर जेवूनच जायचं" असं बजावतो. गेल्या हिवाळ्यात तर त्याने तिथे हुरड्याचं आवतन टाकलं. आता चांगली फजिती होणार म्हणून मी मुद्दाम गेलो. तर पुण्याचे, नाशिकचे आणि एक थेट कोइमतूरचे, असे सहा इंजिनिअर शेतात हजर! आगटीभोवती बसून दिवसभर बेअरिंगवर वाद घालत होते. कणसं भाजायला मी. फोटोत माझा फक्त हात आला, तोही राखेने भरलेला. वर बायको म्हणाली, "बघा, किती माणसं जोडलीत त्यांनी!" हुरडा गोड होता म्हणतात. मला कडूच लागला.

लोक तिथे सर्टिफिकेटं मिरवतात, हा चुका मिरवतो. एकदा एका गिऱ्हाइकाची मोटार याच्या हातून जळाली. मी असतो तर खापर सरळ महावितरणच्या माथी फोडलं असतं. याने जळक्या तारांचा फोटो टाकून खाली लिहिलं, "माझ्याच हातानं जळाली. कुठं चुकलं?" मी फोनवर झापलं, "अहो, धंदा बसेल तुमचा!" तर म्हणतो, "साडूभाऊ, मी तर शिकून राह्यलो. दाखवल्याबिगर शिकवणार कोण?" आणि खरंच, दहा जणांनी दहा चुका दाखवल्या, याने सगळ्या वहीत उतरवल्या.

उन्हाळ्यात आमच्या कारखान्यातला नवा ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र, बंद पडला. मी दोन दिवस झुंजलो. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "नेटवर एक माणूस सापडलाय, परतूरचा." तोच आला. सगळ्यांदेखत वाकून माझ्या पाया पडला, कोइमतूरवाल्यांना फोनवर धरलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी ड्राइव्ह चालू. साहेबांनी त्याला केबिनमधली खुर्ची दिली. मला ती एकवीस वर्षांत मिळाली नव्हती. "कुठे शिकलात?" असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे बोट केलं. "पैला टेस्टर यायनीच दिल्ता हातात, माझ्या लग्नाच्या साली." मी ते साफ विसरलो होतो. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर साहेबांनी मला सांगितलं, दिवाळीपर्यंत सगळीकडे हेच ड्राइव्ह बसणार. ज्याला जमणार नाही त्याची बदली गेटवरच्या दिव्यांवर. मी कधी कुणाला "मला येत नाही" म्हटलेलं नाही. बायकोलाही नाही. साडूला एक मेसेज मी पाच वेळा लिहिला, पाच वेळा पुसला. शेवटी पाठवला : "मला ड्राइव्ह जमत नाही. शिकवाल का?"

उत्तर लगेच आलं. "रविवारी या. जेवायला इथंच. आन् साडूभाऊ, हे मी तिथं टाकणार न्हाई, बिलकुल."

आता दर रविवारी मी परतूरला जातो. शिकतो, चुकतो. सगळ्या जगाला आपली जळकी मोटार दाखवणाऱ्या त्या माणसाने माझ्याबद्दल आजवर एक अक्षर टाकलेलं नाही. मी मात्र रोज सकाळी हळूच उघडून बघतो. टाकलं असतं तरी चाललं असतं, असं हल्ली वाटायला लागलंय.